दिवाळीचे गूळ-बॉक्स: दिले १८,७००, आले सहा बॉक्स, तेही डुप्लिकेट

"कोल्हापूरचा असून गुळात फसलास?" हे ऐकून कान किटलेत, त्यामुळं तेवढं सोडून बाकी वाचा.

शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. कामगारांना आणि पार्ट्यांना यंदा सोनपापडी नको, आपल्या मातीतलं काहीतरी देऊ म्हटलं. इन्स्टावर 'अस्सल कोल्हापुरी दिवाळी बॉक्स' दिसला. किलोचा गुळाचा रवा (म्हणजे ढेप), काकवीची बाटली, कांदा-लसूण मसाला, दोन किलो आजरा घनसाळ तांदूळ, सगळं ८५० रुपयांत. २२ बॉक्सचे १८,७०० झाले, बुकिंगला ३,७०० दिले. आणि आंधळेपणानं नाही दिले, माणूस स्वतः वर्कशॉपवर येऊन सॅम्पल देऊन गेला होता, सॅम्पलचा गूळ एक नंबर. पुढचा खेळ तुम्हाला माहीतच आहे.

उरलेले १५,००० त्यानं "गाडी भरायला लागलीय" म्हणून मागितले. क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव! पिन टाकायच्या आधी फोन करून विचारलं, तर म्हणतो, "दाजींच्या मिसेसचं खातं हाय सर, फर्मचं जीएसटीत अडकलंय." बास, इथंच फसलो. हे वाक्य रात्री झोपताना अजून कानात वाजतं. पण मला सांगा, आपल्याकडं निम्म्या दुकानांत क्यूआर भावाच्या नाहीतर मेहुण्याच्या नावाचाच असतो, रोज कितीजण विचारता? आणि मागं लेथ चालू, दारात ट्रान्सपोर्टवाला बोंबलतोय, टाकला पिन.

वसुबारसेला सहा बॉक्स आले, "बाकीचे उद्या". सहाही बॉक्स कामगारांना वाटून टाकले. दुसऱ्या दिवशी आमचा एक पोरगा, ज्याच्या घरचं गुऱ्हाळ आहे, रव्याचा तुकडा कागदात बांधूनच घेऊन आला. "मालक, ह्यात साखर हाय." पिवळाधमक रवा, फोडला की आत साखरेचे कण चकाकतायत. भात शिजवला तर घनसाळचा वास सोडा, कसलाच वास नाही. बॉक्सवर जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा शिक्का मात्र ठळक. कोल्हापुरी गुळाला २०१४ ला मानांकन मिळालं म्हणून कुणीही शिक्का छापायचा का? फूड लायसन्सचा नंबर १४ आकडी असतो, ह्यावर मोजले तर तेरा! 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर नंबर टाकून बघता येतो, सॅम्पल हातात घेतानाच बघा. माझ्या सॅम्पलवर लेबलच नव्हतं आणि घरगुती माल म्हणून मलाही त्यात काही वाटलं नाही.

आता खरी चीड येते ती पुढच्यावर. चौकीत गेलो. साहेब बंदोबस्तात. जे होते ते म्हणाले, थोडा माल मिळालाय ना, मग ही फसवणूक नाही, ग्राहक मंचात जावा. ग्राहकांच्या तक्रारी घेणारे म्हणाले, विक्रेत्याचा पत्ता द्या, पत्ता नसेल तर पोलिसांत जावा. भेसळीचं बघणाऱ्या कार्यालयात गुळाचा तुकडा घेऊन गेलो तर पाकीट फोडलेलं आहे, नमुना चालत नाही. अरे बाबा, न फोडता साखर कशी कळणार? बँकेत काउंटरवरची मॅडम मान वर न करता म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय ना? म्हणजे सहा बॉक्स पाठवायची अक्कल त्या भामट्याला का सुचली ते बघा, त्या सहा बॉक्समुळंच मला कोण दारात उभं करेना. न आलेल्या १६ बॉक्सचे १३,६०० तर गेलेच, आलेल्याचं काय बोलायचं.

पैसे गेले की चौकीत जाण्याआधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा, त्याच तासात, कारण एकदा पैसे पुढच्या खात्यात फिरले की अडवणं अवघड. मी दोन दिवस "उद्या येतील बॉक्स" ऐकत बसलो. गूळ ओळखीच्या गुऱ्हाळावरनं नाहीतर मार्केट यार्डातल्या अडत्याकडनं घ्या, कच्ची का होईना पावती घ्या, माल उतरल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नका. आणि पिवळ्या रंगाला भुलू नका.

परवा बायकोच्या मोबाईलवरनं त्याचा नंबर लावला. चालू आहे. संक्रांतीच्या तिळगूळ बॉक्सचं बुकिंग घेतोय, रेट तोच ८५०. तसाच उठून चौकीत जाऊन सांगितलं, तर म्हणाले, "मग घेऊ नका."