बीबीसीचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’: कान तयार होतो, जीभ नाही

ठाण्याहून वाशीला लोकलने साधारण अर्धा तास लागतो. तेवढ्यात ‘सिक्स मिनिट इंग्लिश’चा एक भाग चार वेळा ऐकून होतो, आणि एकदाच ऐकायचा असेल तर त्यापेक्षा खिडकीबाहेर बघितलेलं बरं. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा हा कार्यक्रम फुकट आहे, दर आठवड्याला नवा भाग येतो आणि सोबत ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे बोलण्याचा लेखी मजकूर, मिळते. बारावीचं इंग्रजी वाचून कळतं, पण फोनवर समोरचा भराभर बोलायला लागला की घाम फुटतो, अशांसाठी हा आहे. पार एबीसीडीपासून सुरुवात असेल तर याच्या नादी लागू नका.

साचा ठरलेला. दोन निवेदक गप्पा मारत विषय काढतात, तीन पर्याय देऊन एक प्रश्न विचारतात, मध्ये कुणा जाणकाराच्या बोलण्याचे तुकडे, सहा शब्दांची उकल, मग उत्तर आणि शब्दांची उजळणी. निवेदक मुद्दाम स्वच्छ, सावकाश बोलतात, आणि त्यांचे विनोद आधी लिहून आणलेत हे काही लपत नाही. खरा माल त्या पाहुण्याच्या तुकड्यात आहे. तिथे माणूस अडखळतो, वाक्य अर्धवट सोडतो, ‘टू’ आणि ‘ऑफ’ गिळून टाकतो. आणि नेमका तोच भाग कळत नाही म्हणून लोक पुढे ढकलतात.

पहिल्यांदा ऐकताना ट्रान्सक्रिप्ट उघडू नका. दुसऱ्यांदा पाहुण्याचा तुकडा थोडा थोडा मागे घेत, कानाला आलं तसं मोबाइलवर टाइप करा. तिसऱ्यांदा ट्रान्सक्रिप्टशी ताडून बघा. चौथ्यांदा पुन्हा नुसतं ऐका. चुका बहुतेक छोट्या शब्दांतच सापडतील, कारण आपण मराठीसारखं प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारलं जाईल अशी वाट बघत असतो. ‘आय कॅन डू इट’मधला ‘कॅन’ प्रत्यक्षात जेमतेम ‘कन’ असा निसटतो. ब्रिटिश माणूस नकार मात्र ‘कान्ट’ असा लांबवतो. हा फरक कानात बसला नाही तर हो आणि नाही यांची अदलाबदल होते. एक गोष्ट ध्यानात असू द्या: ट्रान्सक्रिप्ट शब्दशः नाही हे ते स्वतःच सांगतात, त्यामुळे प्रत्येक फरक तुमच्या कानाची चूक नसतो.

ऐरोलीच्या माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये अमेरिकन ग्राहकांशी बोलणाऱ्यांना हे अपुरं पडेल. अमेरिकन तोंडी ‘कान्ट’चा ‘कॅन्ट’ होतो आणि शेवटचा ‘ट’ जवळजवळ ऐकूच येत नाही. ते कान वेगळे तयार करावे लागतात.

मोठी उणीव दुसरीच. कार्यक्रम जगभरच्या श्रोत्यांसाठी आहे, त्यामुळे मराठी माणूस कुठे घसरतो हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. ‘मी दोन वर्षांपासून इथे काम करतो’ हे आपण ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ असं करतो. मराठीत चालू असलेल्या कामाला वर्तमानकाळ पुरतो, आणि एकच ‘पासून’ दोन्हीकडे चालतो: ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘2022 पासून’. इंग्रजीत आधी ‘हॅव बीन वर्किंग’ लागतं, मग कालावधी असेल तर ‘फॉर टू इयर्स’ आणि सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स 2022’. शंभर भाग ऐकलेत तरी ही खोड आपोआप जात नाही. ती वेगळी घोटून घ्यावी लागते.

उच्चारांचंही तेच. ‘व्हॅन’ आणि ‘व्हेन’ आपण एकाच ‘व्ह’ने लिहितो आणि मग बोलतोही तसंच. गाडीच्या ‘व्हॅन’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. ‘केव्हा’वाल्या ‘व्हेन’ला दात कुठेच लागत नाहीत, शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू होतो. आरशासमोर दोन्ही आलटून पालटून वीस वेळा म्हणा. लोकलमध्ये नको.

सहा शब्द हा जाहिरातीचा भाग असला तरी सहाही पाठ करण्यात अर्थ नाही. दोन निवडा आणि रोजच्या वाक्यात बसवा. समजा ‘टेक फॉर ग्रँटेड’, म्हणजे गृहीत धरणं, निवडलं. शब्दकोशातून उचललं तर ‘वुई टेक फॉर ग्रँटेड टॅप वॉटर’ असं वाक्य तयार होतं. वस्तू मध्ये यायला हवी: ‘वुई टेक टॅप वॉटर फॉर ग्रँटेड’. पाणीकपातीच्या दिवशी हे वाक्य दोनदा वापरलंत की विसरणं कठीण.

ऑफिसच्या बोलण्यासाठी त्यांचीच ‘इंग्लिश ॲट वर्क’ ही मालिका जास्त कामाची आहे. प्लास्टिकची खोटी फळं विकणाऱ्या कंपनीची गोष्ट आहे, थोडी बालिशच, पण प्रत्येक भागात एका प्रसंगाची तयार वाक्यं मिळतात: फोन कसा घ्यायचा, माफी कशी मागायची. ‘आय वॉन्ट लीव्ह’वरून ‘वुड इट बी ऑल राइट इफ आय टुक फ्रायडे ऑफ?’वर यायला याचा उपयोग होतो.

ऐकण्यासाठी पाचपैकी साडेचार, शब्दांसाठी तीन, बोलण्यासाठी एक. बोलायला जोडीदार लागतो. तलावपाळीला फेरी मारताना दोघांनी पाच-पाच मिनिटं बोला, विषय ऐकलेल्या भागाचाच. ऐकणाऱ्याने मध्ये तोडायचं नाही, आणि एका दिवशी एकच चूक धरायची: आज फक्त भूतकाळ, उद्या फक्त ‘सिन्स’ आणि ‘फॉर’. सगळ्या चुका एकदम पकडल्या की बोलणारा गप्प होतो.

जोडीदार नाहीच मिळाला आणि क्लास लावायचा ठरला, तर डेमोला इमारत, एसी नि प्रमाणपत्र बघत बसू नका. बॅचमध्ये किती जण, तेवढं विचारा. तासाभराच्या बॅचला वीस जण असतील, तर सरांनी तोंड उघडलं नाही तरी एकेकाच्या वाट्याला तीनच मिनिटं येतात.