मोका पॉट की एस्प्रेसो मशीन?

घरी कॅपुचिनो करायची तर आधी हे ओळखा: दोन्हींतून निघणारी कॉफी एकसारखी नसते. मोका पॉट म्हणजे गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं; त्यात दाब जेमतेम १ ते २ बार (दाबाचं एकक), मशीनमध्ये साधारण ९. क्रेमाचा, म्हणजे कॉफीवरच्या सोनेरी फेसाचा, जाड थर मशीनवरच येतो.

मशीनमध्ये १८ ग्रॅम बारीक पूड घालून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी उतरायला हवी. पंधरा सेकंदांतच उतरली तर दळण जाडं, चव आंबट. थेंब थेंब पडली तर दळण फार बारीक, चव कडू. म्हणूनच चांगल्या ग्राइंडरशिवाय मशीन घेऊ नये. नाशिकमध्ये बोअरचं जड पाणी येत असेल तर ते मशीनला नकोच, आत क्षार साचतात. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी गाळून घ्या.

रोजच्या दोन कपांना मोका पॉट पुरतो. खालच्या भागात व्हॉल्व्हच्या (वाफ सोडणाऱ्या झडपेच्या) खालपर्यंत गरम पाणी भरा, पूड दाबू नका, गॅस मंद ठेवा. फसफसू लागताच उतरवा, नाहीतर जळकट लागते. बर्नरवर डगमगत असेल तर छोटी जाळी ठेवा.

दूध दोन्हींसाठी फ्रीजमधलं, साय काढलेलं. तापवताना ६०-६५ अंश सेल्सिअसला थांबा. त्यापुढे गोडवा जातो. मशीनची वाफ नसेल तर गरम दूध फ्रेंच प्रेसमध्ये (दांड्याला जाळी असलेल्या कॉफीच्या भांड्यात) घुसळा.