परदेशी पलंगपोस कोल्हापुरात: टपाल, कुरिअर की ड्युटीसह किंमत?

परदेशी संकेतस्थळावरून पलंगपोस, टॉवेल, लोकरी ब्लँकेट किंवा पडदे कोल्हापूरच्या पत्त्यावर मागवायचे तीन मार्ग आहेत. परदेशी टपाल, एक्स्प्रेस कुरिअर आणि ड्युटी आधीच वसूल करून माल पाठवणारा विक्रेता. कायदा तिघांना एकच, तरी दारात पडणारी किंमत वेगवेगळी निघते. सीमाशुल्काच्या कागदावर तुमच्या वस्तूचं वर्णन आणि किंमत कोण लिहितं, दरतक्त्यातल्या कोणत्या शीर्षकाखाली (वस्तूच्या वर्गाच्या क्रमांकाखाली) लिहितं आणि तो कागद तुम्हाला दाखवतं का, यावर सगळं अवलंबून असतं. या परीक्षणात सेवांची तुलना केली आहे ती त्यावरूनच. डिलिव्हरी दोन दिवस आधी झाली की नंतर, हा मुद्दा दुय्यम.

आधी कराचा हिशोब नीट बघू, कारण फसगत इथेच होते. घरच्या वापरासाठी टपालाने किंवा विमानाने आलेलं किरकोळ पार्सल साधारणपणे ९८०४ या शीर्षकाखाली येतं. तिथे चादर, किटली, पुस्तकाचं कपाट असा भेद नाही, सगळ्याला एकच दर. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात हा मूळ दर २० वरून १० टक्क्यांवर आणला गेला. मूळ ड्युटीच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार २०१८ पासून आहे. मग मालाची किंमत, ड्युटी आणि अधिभार या सगळ्यांच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, लागतो. करावर कर बसतो तो असा. सप्टेंबर २०२५ मध्ये २८ टक्क्यांचा टप्पा गेल्यापासून इथे १८ टक्के धरायचे. सगळं मिळून ३१ टक्क्यांच्या आसपास होतं.

जुन्या तक्त्यांमध्ये अजून ४२.०८ किंवा ७७.२८ टक्के असे आकडे दिसतात. पहिला आकडा १० टक्के ड्युटी, १ टक्का अधिभार आणि त्यावर २८ टक्के आयजीएसटी यांचा. दुसरा ३५ टक्के ड्युटीच्या काळातला. दोन्ही आता मोडीत काढा. कोणी विक्रेता किंवा एजंट त्या दराने अंदाज देत असेल तर त्याचा तक्ता शिळा आहे.

ड्युटी लागते ती कोणत्या रकमेवर, हे त्याहून कमी लोकांना माहीत असतं. मालाची किंमत, वाहतूक आणि विमा यांची बेरीज धरतात. पण २००७ च्या मूल्यांकन नियमांतल्या नियम १० प्रमाणे विमानाने आलेल्या मालाचं भाडं मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही, प्रत्यक्षात तुम्ही कितीही मोजलं असो. विम्याची रक्कम वेगळी दाखवलेली नसेल तर १.१२५ टक्के धरतात. समजा लिननचा डबल बेडचा सेट ८,००० रुपयांचा आणि कुरिअरचं भाडं ३,००० रुपये. करासाठी किंमत ८,००० अधिक १,६०० अधिक ९०, म्हणजे ९,६९० रुपये. त्यावर ९८०४ च्या दराने कर जवळपास ३,००० रुपये होतो. सरसकट ३,००० रुपये भाडं धरून ११,०९० वर कर लावला असेल तर चारशेहून अधिक रुपये जादा गेले. जड वस्तूंना ही मर्यादा फार महत्त्वाची. ब्लँकेट आणि टॉवेल वजनाला भारी आणि किमतीला बेताचे असतात, त्यामुळे भाडं मालाच्या निम्म्यावर सहज जातं.

आता तीन सेवा.

टपाल हा सर्वांत स्वस्त मार्ग. पार्सल मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक कार्यालयात तपासलं जातं, कर तिथेच ठरतो आणि इकडे पोस्टमन रक्कम घेऊन पार्सल देतो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, आकडा त्याच्या हातात नसतो. टपाल खात्याचं हाताळणी शुल्क मामुली असतं. कमकुवत जागा पार्सलवरच्या घोषणापत्राची. ३०० एसडीआरपर्यंतच्या (एसडीआर हे नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) किमतीला सीएन २२ हे छोटं लेबल चालतं, त्यापुढे सविस्तर सीएन २३. पाठवणारा त्यावर नुसतं ‘होम टेक्स्टाइल’ लिहून मोकळा होतो. मग अधिकाऱ्याला किंमत पटत नाही, बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा मागणारं पत्र निघतं आणि पार्सल अडकून पडतं. म्हणून ऑर्डर देतानाच विक्रेत्याला कळवा: वर्णनात कापड, टक्केवारी, माप आणि नगांची संख्या हवी. ‘१०० टक्के सुती विणलेला पलंगपोस, १८० बाय २०० सेंमी, १ नग, उशीचे अभ्रे २ नग’ एवढं लिहिलं की पुरतं. बिलाची एक प्रत पाकिटात घालून बाहेर चिकटवायला सांगा. १३ अक्षरी क्रमांक असेल तरच माग लागतो, पुढे दोन अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. साधं अनोंदणीकृत पाकीट कितीही स्वस्त पडलं तरी नको.

एक्स्प्रेस कुरिअर वेगवान, पण कागदाच्या बाबतीत कंपनीगणिक आणि शाखेगणिक फरक. कुरिअर तुमच्या वतीने कुरिअर बिल ऑफ एन्ट्री (आयातीची सीमाशुल्काकडची नोंद) भरतं, कर आधी स्वतः भरतं आणि मग तुमच्याकडून कर, आगाऊ रक्कम भरल्याचं शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असं वसूल करतं. हे शुल्क बहुधा किमान रकमेत ठरलेलं असतं, त्यामुळे दोन टॉवेलच्या पार्सलला ते कराइतकंच जड होतं. दारात पैसे देण्याआधी दोन कागद मागा, बिल ऑफ एन्ट्रीची प्रत आणि करभरण्याचं चलन. करापोटी मागितलेला आकडा आणि चलनावरचा आकडा पैशापर्यंत जुळला पाहिजे. बिल ऑफ एन्ट्रीवर शीर्षकाचा रकाना बघा. घरगुती एकच सेट असूनही ९८०४ ऐवजी कापडी वस्तूंच्या ६३ व्या प्रकरणाखाली नोंद झाली असेल तर हिशोब पालटतो. बऱ्याच कापडी वस्तूंवरचा मूळ दर ऑगस्ट २०१८ मध्ये १० वरून २० टक्के झाला. २० टक्के धरले आणि नग २,५०० रुपयांच्या वरचा, म्हणजे आयजीएसटी १८ टक्के असेल तर एकूण कर ४३.९६ टक्के होतो. वरच्याच ९,६९० रुपयांवर तो सव्वाचार हजारांच्या पुढे जातो.

कुरिअरमध्ये उशीर होण्याचं सर्वांत मोठं कारण मात्र कर नसून केवायसी आहे. पार्सलवर घरात हाक मारायचं नाव आणि आधारवर दुसरंच, किंवा पत्ता आधारवर गावाकडचा आणि पार्सल राजारामपुरीतल्या भाड्याच्या फ्लॅटवर, अशी गफलत असली की क्लिअरन्स थांबतो आणि ठरलेल्या दिवसांनंतर विलंब शुल्क चढू लागतं. ऑर्डर आधार किंवा पॅनवरच्या नावानेच करा, आणि केवायसीचा ईमेल आला की त्याच दिवशी कागद चढवा. घरगुती वापराच्या आयातीला आयईसी क्रमांक (आयात-निर्यातदाराचा क्रमांक) लागत नाही. तो मागून कोणी पार्सल अडवत असेल तर नोंद व्यापारी म्हणून केली गेली आहे, ती तिथेच दुरुस्त करून घ्या.

तिसरा मार्ग, ड्युटीसह किंमत. विक्रेता ऑर्डरच्या वेळीच कर आणि भाडं घेतो, दारात काही द्यावं लागत नाही. मोठ्या, महाग ऑर्डरीला आम्ही हाच मार्ग सुचवतो, पण दोन अटींवर. पहिली, घेतलेली रक्कम ही अनामत आहे की ठोक? अनामत असेल तर प्रत्यक्ष कर कमी निघाल्यास फरक परत मिळतो. ठोक असेल तर तो विक्रेत्याचा. दुसरी, पाठवणाऱ्या देशाचा व्हॅट काढला आहे का? जर्मनीत १९, ब्रिटनमध्ये २० आणि पोर्तुगालमध्ये २३ टक्के व्हॅट दुकानातल्या किमतीतच असतो. निर्यातीला तो लागत नाही. जर्मन साइटवर ११९ युरोचं ब्लँकेट कोल्हापूरचा पत्ता घातल्यावर १०० युरोला दिसलं पाहिजे. तसंच ११९ दिसत असेल तर तुम्ही तिथला कर भरताय आणि त्या फुगलेल्या किमतीवर इथलाही. ड्युटीसह किंमत सांगणाऱ्या काही साइट हे करत नाहीत, आणि मग सोय महागात पडते.

किंमत कमी लिहायला किंवा ‘गिफ्ट’ म्हणायला विक्रेत्याला सांगू नका. डिसेंबर २०१९ पासून टपाल-कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची करमाफी बंद झाली आहे. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी सुटतात. राखीसोबतची टॉवेलची जोडी सुटत नाही. खोटी किंमत सापडली तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११ आणि ११२ खाली माल जप्त होऊन दंड होऊ शकतो. पार्सल हरवलं तर भरपाईही घोषित किमतीएवढीच.

बदली माल हा आणखी एक खड्डा. चादरीचा रंग चुकला आणि विक्रेत्याने दुसरी पाठवली, तर दुसरीवर पुन्हा कर बसतो. पहिली परत पाठवून कलम ७४ खाली ९८ टक्के कर परत मागता येतो. त्यासाठी वस्तू न वापरलेली, ओळख पटण्याजोगी आणि दोन वर्षांच्या आत परत गेलेली हवी. मुंबईतल्या कागदपत्रांचा खर्च बघता एका चादरीसाठी हे परवडत नाही. म्हणून मापाची चूक आधीच टाळा. आपला डबल बेड बहुधा ७२ बाय ७८ इंचांचा. अमेरिकन ‘क्वीन’ ६० बाय ८० म्हणजे अपुरा, अमेरिकन ‘किंग’ ७६ बाय ८० म्हणजे इलॅस्टिकच्या कडेची चादर सैल. युरोपातलं १८० बाय २०० सेंमी किंवा ब्रिटिश ‘सुपर किंग’ आपल्या गादीला जवळपास अचूक बसतं. ब्रिटिश ‘किंग’ १५० सेंमीचाच, नावावर जाऊ नका.

इतका कर भरून मागवण्यासारखं काय आहे? आमचं मत सरळ आहे. सुती पलंगपोस आणि टॉवेल मागवू नका. अमेरिकेतल्या दुकानांमधल्या सुती चादरी-टॉवेलांचा मोठा वाटा भारतातूनच जातो, आणि तोच माल परत आणताना भारतात बनला म्हणून ग्राहकाला करमाफी मिळत नाही. लेबलवर मूळ देश बघितल्याशिवाय ऑर्डर करू नये ते यासाठीच. सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे आणि गांधीनगरच्या ठोक बाजारात ते हात लावून, उजेडात धरून घेता येतात. शिवाय ६०० जीएसएमचा (चौरस मीटरला ६०० ग्रॅम वजनाचा) जाड परदेशी टॉवेल आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये वाळतच नाही, कुबट वास धरतो. ४०० ते ४५० जीएसएम इथल्या पावसाला बरा. ८०० किंवा १,००० थ्रेड काउंटच्या (चौरस इंचातल्या धाग्यांच्या) जाहिरातीवरही भिस्त ठेवू नका, त्यात दुपदरी-तिपदरी सुताचा प्रत्येक पदर वेगळा मोजलेला असतो. ३०० ते ४०० चं एकपदरी, साधं विणलेलं कापड जास्त टिकतं. मागवण्यासारखं आहे ते युरोपातलं चांगलं लिनन आणि मेरिनो लोकरीची ब्लँकेटं. त्या प्रतीचा माल इथे शोधूनही मिळत नाही, आणि ३१ टक्के कर धरूनही तो वर्षानुवर्षं वापरात राहतो. भरलेली दुलई नको. आकारमानाच्या वजनावर भाडं लागतं आणि हवा वाहून आणल्याचे पैसे जातात. फार तर दुलईची खोळ मागवा आणि आत इथला कापूस भरून घ्या.

कर जादा लागला असं कागदावरून दिसलं तर मुदती ध्यानात ठेवा. नोंदीतली लेखनाची चूक कुरिअरमार्फत दुरुस्त होते. शीर्षक किंवा मूल्यांकनच मान्य नसेल तर आयुक्त (अपील) यांच्याकडे ६० दिवसांत अपील करावं लागतं. परताव्याचा अर्ज एका वर्षाच्या आत, पण मूळ आकारणी अपिलात बदलून घेतल्याशिवाय नुसत्या परताव्याच्या अर्जाला यश येत नाही. कोल्हापूरच्या जीएसटी कार्यालयात यातलं काही होत नाही. जिथे पार्सल सुटलं त्या मुंबईच्या कार्यालयाशीच पत्रव्यवहार हवा.

‘तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलं आहे, या लिंकवर इतके रुपये भरा’ असा एसएमएस आला तर भरू नका. सीमाशुल्क खातं कोणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर पैसे घेत नाही, आणि त्यांच्या अधिकृत पत्रावर डीआयएन (दस्तऐवजाचा ओळख क्रमांक) असतो, तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर फोन करा.

शाहूपुरी, लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारांनी विक्रीसाठी मागवायचं असेल तर वरचा ९८०४ चा हिशोब विसरावा. आयईसी आणि जीएसटी क्रमांक लागतो आणि प्रत्येक वस्तू आपल्या शीर्षकात जाते. ब्लँकेट ६३०१, पलंगपोस-टॉवेल-टेबलक्लॉथ ६३०२, पडदे ६३०३, उशांचे शोभेचे कव्हर ६३०४, भरलेली उशी आणि दुलई मात्र ९४०४. सप्टेंबर २०२५ पासून ६३ व्या प्रकरणातल्या कापडी वस्तूंना नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणून बिलावर ‘टॉवेल सेट, १’ असं न लिहिता नग आणि प्रत्येक नगाची किंमत यायला हवी. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, मूळ ड्युटी आणि अधिभाराचं मिळत नाही, तो खर्च किमतीतच धरायचा. घातक अझो रंग नसल्याचं प्रमाणपत्र माल निघण्याआधीच विक्रेत्याकडून मागवून ठेवा, बंदरावर नमुना तपासणीत गेला की भाडं चढतं. आणि वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, आयातीचा महिना, माप आणि कमाल किरकोळ किंमत छापलेलं असल्याशिवाय तो माल काउंटरवर ठेवू नका.