पुलावर सेन्सर पुरेसे की डिजिटल ट्विन हवं?

पुलाच्या देखभालीसाठी हल्ली बीआयएम मॉडेल, सेन्सर यंत्रणा आणि डिजिटल ट्विन (सेन्सरच्या आकड्यांशी जोडलेली पुलाची संगणकीय प्रतिकृती) या तिन्ही गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात. पैसे मंजूर करण्याआधी त्या वेगळ्या ओळखायलाच हव्यात.

बीआयएम म्हणजे पूल कसा बांधला याची त्रिमितीय नोंद. नव्या कामात ती घ्याच. जुन्या पुलाचे नकाशे नसतील तर लेझर स्कॅन करावं लागतं, पण काँक्रीटच्या आतली सळई त्यात दिसत नाही.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे. सेन्सर ताण, कंपन, तापमान मोजतात. स्वित्झर्लंडमधला झेड-२४ पूल १९९८ मध्ये पाडण्याआधी सुमारे वर्षभर असाच मोजला गेला. पारा शून्याखाली गेला की डांबराचा थर कडक होई आणि पुलाच्या कंपनाची वारंवारिता वाढे. म्हणजे पुलाला काहीही झालेलं नसताना आकडे बदलत होते, आणि अशा चढउतारात खरी इजा सहज लपू शकते. ट्विन इथे उपयोगी पडतं. त्यातलं गणिती मॉडेल त्या दिवसाचं तापमान आणि वाहतूक धरून अपेक्षित आकडा काढतं, मोजलेल्याशी ताडतं, आणि गरजेप्रमाणे मॉडेलही दुरुस्त होतं. ही दुरुस्ती होत नसेल, तर तुम्ही ट्विनच्या किमतीत चित्र घेताय.

पण मॉडेलमध्ये जे घातलंच नाही ते त्याला दिसणार नाही. अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा आय-३५डब्ल्यू पूल २००७ मध्ये कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले. त्याच्या गसेट प्लेट, म्हणजे सांध्यात पोलादी भाग एकमेकांना जोडणारे पत्रे, मूळ रचनेतच पातळ होत्या, आणि भारक्षमतेच्या नेहमीच्या गणितात त्या प्लेट धरल्याच जात नसत. त्यांतल्या काही वाकल्याचं २००३ च्या फोटोंत दिसतं. त्यामुळे पुलाखाली उतरून पाहणाऱ्या अभियंत्याचा खर्च कापून ट्विन घेऊ नका.

माझं मत स्पष्ट आहे. लहान, साध्या पुलांना नियमित तपासणी आणि शंकेच्या जागी मोजके सेन्सर पुरतात. लांब गाळ्याचा केबलचा पूल, वाढती जड वाहतूक, किंवा पूल बंद ठेवणं परवडणारच नाही अशी जागा असेल, तर ट्विनचा खर्च रास्त आहे. तेव्हा करारात तीन गोष्टी लिहून घ्या: विदा (डेटा) तुमच्या मालकीची, मॉडेल आयएफसीसारख्या खुल्या, म्हणजे एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरला न बांधलेल्या, फाइल स्वरूपात, आणि पाचव्या वर्षी ते मोजमापांशी जुळवून देण्याची जबाबदारी कोणाची.