छोट्या पीसीतला ४० मिमीचा फॅन, ११ महिन्यांनंतर

मागच्या महिन्यात पीसी चालू केला तर आतून कर्रर्र आवाज आणि थोड्या वेळाने गरम होऊन आपोआप बंद. आत स्लीव्ह बेअरिंगचा ४० मिमी फॅन, म्हणजे दांडा गोळ्यांवर नाही तर तेल मुरवलेल्या नळीत फिरतो. पहिले सहा महिने इतका शांत होता की चालू आहे का ते हात लावून बघायचो.

सातव्या महिन्यात घरघर सुरू झाली, मला वाटलं धूळ असेल, ब्रशने पाती साफ केली, काही फरक नाही. मग गंज सोडवायचा स्प्रे मारला. दोन दिवस छान चालला आणि नंतर आधीपेक्षा वाईट, कारण तो स्प्रे उरलंसुरलं तेल पातळ करून नेतो आणि स्वतः उडून जातो. ही चूक माझीच.

सर्व्हिसवाले म्हणाले फॅन सुटा मिळत नाही, अख्खा पीसी पाठवा. एवढ्याशा फॅनसाठी! मग स्वतःच उघडला. मागचा स्टिकर सोलला, चीर असलेला बारीक प्लास्टिक वॉशर सुईने काढला, पाती बाहेर ओढली. शाफ्टवर (पात्यांच्या मधल्या दांड्यावर) तपकिरी चिकट थर आणि एका बाजूला घासल्याची चमक.

आतली ब्राँझची बुश, म्हणजे शाफ्ट जिच्यात फिरतो ती नळी, सच्छिद्र असते, तेल त्या छिद्रांतच मुरवलेलं असतं. शाफ्ट वेगात असला की तेलाच्या थरावर तरंगतो, धातूला धातू लागतच नाही. झीज होते ती मुख्यतः सुरू होताना आणि थांबताना, कारण तेव्हा तो थर पूर्ण तयार नसतो. आणि इथेच माझं मत बदललं. इतके दिवस मी बेअरिंगला शिव्या देत होतो, पण खरा घोळ त्या 'सायलेंट मोड'चा आहे, पीसी जरा थंड झाला की फॅन बंद, जरा तापला की चालू, दिवसभर हेच. ज्या फीचरचं मी सहा महिने कौतुक केलं तेच बेअरिंग खात होतं! हा मोड डिफॉल्ट चालू ठेवायचाच कशाला?

आता बायॉसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) फॅनचा किमान स्पीड ३० टक्के ठेवलाय, फॅन थांबतच नाही. जुना थर पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाकला, जास्त टाकलं तर ते पात्यांवर उडतं आणि धूळ चिकटते. घरघर गेली. पण पीसी उभा ठेवला की हलकी टकटक येते, झिजलेली बुश तेलाने भरून येत नाही, म्हणून सध्या आडवाच ठेवतोय आणि डबल बॉल बेअरिंगचा (शाफ्ट गोळ्यांच्या दोन बेअरिंगवर फिरतो असा) फॅन मागवलाय. तो थोडा जास्त आवाज करेल, चालेल मला.