कलदार घ्यावेत की ढब्बू?

चांदी किलोला लाखाच्या वर गेली तेव्हापासून गावातले लोक मला पारावर थांबवून विचारतात, "भाऊ, कलदार घेऊन ठेवू का?" कलदार म्हणजे इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया. मी नाणी जमवतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना चांदी हवी असते. त्यांना मी सरळ सराफाकडे पाठवतो. पण दोघांना खरोखरच संग्रह करायचा आहे. सोयाबीनचे वीस-पंचवीस हजार बाजूला काढलेत आणि ते राणीछाप-राजाछाप रुपयांत घालावेत की ढब्बूसारख्या तांब्याच्या जुन्या पैशांत, हे त्यांचं ठरत नाही. हे लिहिणं त्या दोघांसाठी. मी या दोन्ही घरांत राहून आलोय. तांब्यातून चांदीत गेलो, सहा वर्षं काढली आणि परत आलो.

मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. मुक्कामाची गाडी असली की रात्री जेवण झाल्यावर बॅगेतली चिल्लर सतरंजीवर ओतायची आणि सन पाहून, टांकसाळीची खूण पाहून वेगळी करायची. सनाखाली हिरा म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, बारीक ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. हवं ते नाणं काढून घ्यायचं आणि तेवढे पैसे स्वतःच्या खिशातून बॅगेत टाकायचे. हिशोब सकाळी बरोबर. छंद इथून लागला. नंतर आठवडी बाजारातल्या मोडवाल्याकडे, म्हणजे जुनी मोड घेणाऱ्याकडे, भोकाचे पैसे, पै आणि ढब्बू दिसायला लागले आणि तांब्याची चटक लागली.

चांदीकडे वळलो ते एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून. तो म्हणाला, एवढा जीव लावतोच आहेस तर दोन पैसे सुटतील असं तरी काही जमव. बोलणं पटलं. तेव्हा कलदार सरासरी पाचशेला मिळत होता.

कलदाराची बाजू आधी सांगतो, कारण ती भक्कम आहे. १८३५ नंतरच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. एका बंद्या रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी पडते. किलोचा भाव लाख धरला तर नुसत्या धातूचेच हजाराच्या वर होतात. घासलेला असो, कडी लावून माळेत ओवलेला असो, वर हळदीचा थर असो, धातूला फरक पडत नाही. आपल्याकडे याचं महत्त्व जास्त आहे. जूनमध्ये बियाण्याला पैसे लागले तर कलदार घेऊन सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत नोटा घेऊन परततो. तांब्याची आख्खी पेटी घेऊन गेलात तर सराफ पाणी विचारेल, एवढंच.

फक्त १९४० पासूनचे रुपये वेगळे ठेवा. त्यांत चांदी निम्मीच आहे. मी पहिल्या वर्षी असे अकरा रुपये पुऱ्या भावाने घेतले. देणाऱ्याने काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. १९४७ चा रुपया तर निखळ निकेलचा, चुंबकाला टपकन चिकटतो. चांदीचा समजून तो कापडात गुंडाळून आणणारे लोक अजूनही येतात, आणि त्यांना चुंबक दाखवताना मलाच वाईट वाटतं.

कलदाराची गोम विकताना कळते. संग्राहक म्हणून तुम्ही सन पाहून घेता, दुर्मिळ सनाला शंभर-दोनशे जास्त मोजता. सराफ वजन करतो, टंच म्हणजे चांदीची शुद्धता काढतो, घट धरतो. मी एकदा त्याला सन दाखवायला गेलो तर म्हणाला, "कंडक्टर साहेब, राणी काय अन् राजा काय, आटवल्यावर सारखेच." त्याच्या जागी त्याचं बरोबरच होतं. सनाचे पैसे मोजणारा माणूस नागपूरच्या किंवा पुण्याच्या नाणे प्रदर्शनात भेटतो. तिथवर जायचं तर मग तांब्यालाही गिऱ्हाईक आहे.

तरी माझं मन फिरलं ते भावामुळे नव्हे. ते फिरलं लॉकरमुळे.

आमचं घर गावाच्या टोकाला, वर टिनपत्रे. चाळीसेक कलदार झाले तेव्हा गावात दोन घरफोड्या झाल्या, आणि बायकोने निकाल दिला की चांदी घरात नको. तालुक्याला एका बँकेत लॉकर घेतलं. गावापासून सतरा किलोमीटर. बँकेची वेळ आणि माझी ड्यूटी जुळायची महिन्यातून एखाद्या दिवशी. गेलो की आधी रजिस्टरवर सही, मग किल्लीवाल्या साहेबांची वाट, मग ती खोली. एक ट्यूबलाईट, तीही मागून, म्हणजे नाण्यावर आपलीच सावली. टेबल नाही. लॉकरचा डबा एका हाताने पोटाशी धरायचा आणि दुसऱ्या हाताने नाणं चाचपायचं. बाहेर पुढचा माणूस खोकतोय.

ज्याने नाणी जमवली नाहीत त्याला यात काय एवढं, असं वाटेल. एक उदाहरण देतो. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया प्रसिद्ध आहे. राजाच्या झग्यावर जी पदकांची माळ आहे, तिच्यात एक इवलासा हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर त्याची सोंड आखूड आणि पाय जाड निघाले, आणि तो हत्ती डुकरासारखा दिसायला लागला. लोकांच्या भावना दुखावल्या, ओरड झाली, नाणी मागे घेऊन बरीचशी वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला. माझ्याकडे १९१२ चा होता, लॉकरात. १९११ चा मिळाला तो एका लग्नात, ओळखीच्या माणसाकडून, आणि तो घरी आणला. आता दोन्ही शेजारी ठेवून, भिंगाखाली तो हत्ती पाहायचा, एवढीच इच्छा. तेवढ्यासाठी मला तीन आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात सुटी मिळाली नाही. दुसऱ्या खेपेला गेलो तर किल्लीवाले साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला भिंगच घरी राहिलं.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "जे नाणे पाह्याले तुमाले बँकेची सही लागते, ते आपले कायचे?" त्या रात्री मी तांब्याची पेटी काढून बसलो. किती दिवसांनी, ते आठवेना.

२०२१ मध्ये ८४ कलदार विकले. सरासरी पाचशेचे सहाशेवीस आले, म्हणजे नफा १०,०८०. सहा वर्षांचं लॉकरचं भाडं, कर धरून, १०,६२०. आता त्याच लॉकरात बायकोचे दागिनेही होते, त्यामुळे सगळं भाडं नाण्यांच्या माथी मारणं बरोबर नाही, हे कबूल. आणि मी विकल्यानंतर चांदी कुठल्या कुठे गेली, हेही तुम्ही मला ऐकवाल. ऐकवा. गावातल्या प्रत्येकाने ऐकवलंय. दहा वर्षं हात न लावता ठेवायची तुमची तयारी असेल तर कलदार तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त देईल, यात मला शंका नाही. फक्त मग नुसती चांदीच घ्या. नाण्याचे वरचे पैसे कशाला मोजता?

आता तांबं. आधी त्याचे दोष. पडत्या काळात त्याला आधार देणारा धातूचा भाव नाही. पावसाळ्यात हिरवा गंज धरतो. मऊ प्लॅस्टिकच्या अल्बमात ठेवलं तर नाणं आणखी लवकर बिघडतं, म्हणून कागदी पाकिटं बरी. शिवराईत, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या पैशात, नकली माल खूप आहे. साच्यात ओतलेल्या शिवराईची अक्षरं साबणासारखी गुळगुळीत दिसतात आणि काठावर ओतीव सांधा सापडतो. पण हे कळायला आधी दोन-चार वेळा फसावं लागतं. एकदा शेजारच्या आजीने माझ्यावरच्या मायेपोटी एक चांगली शिवराई चिंच आणि राखेने घासून दिली. दोनशे-तीनशे वर्षांचा तपकिरी रंग गेला आणि खालून लालबुंद तांबं निघालं. आजीला वाटलं मी आनंदाने गप्प झालोय.

आणि तरी. शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे कुठल्याच नाण्यावर सगळी अक्षरं पूर्ण येत नाहीत. एकावर 'श्री' अर्धी, दुसऱ्यावर 'शिव' ऐवजी 'सीव', तिसऱ्यावर 'पति'ची वेलांटीच काठाबाहेर. दहा शिवराया रांगेत मांडल्या की डोळ्यांपुढे एक पूर्ण नाणं उभं राहतं, जे प्रत्यक्षात तुमच्याजवळ एकही नसतं. भोकाच्या पैशाचंही तसंच. १९४३ ते १९४७ एवढ्याच सनांचा, युद्धात तांबं वाचवायला मधून पोकळ केलेला. पण मुकुट चपटा की उंच की गोल, सनाचे आकडे मोठे की बारीक, हे जुळवत बसलं तर एक पावसाळा जातो. मोडवाल्याकडे असा पैसा वीस-तीस रुपयांत मिळतो. चुकलो तर चहा-भज्यांचे पैसे गेले.

आमच्याच मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा गाव आहे. तिथे १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, सोळाशेच्या आसपास नाणी, सगळी पोटीनची, म्हणजे तांबं-कथील-शिसं असल्या मिश्र धातूची. मोडवाल्याने पायलीच्या मापाने घेतली असती असला माल. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी ती वाचली, आणि पुराणांच्या याद्यांत न सापडणारी राजांची नावं त्यातून कळली. तऱ्हाळ्याच्या रस्त्याने मी किती फेऱ्या केल्या असतील, पण हे कळल्यावर खिडकीतून बाहेर पाहण्याची तऱ्हाच बदलली.

यावरून आठवलं. नांगराला नाणी लागली तर ती लगेच आपली होत नाहीत. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तसंच शंभर वर्षांवरचं नाणं, चांदीचं असो की तांब्याचं, १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर पाठवता येत नाही. राम दरबाराच्या १८१८ सनाच्या 'कंपनी'च्या नाण्यांपासून चार हात लांब राहा. कंपनीने तसलं नाणं कधी पाडलंच नाही. आणि वैष्णोदेवीच्या पाच रुपयांना लाख देतो म्हणणारा फोन आला तर ठेवून द्या. जुन्या नाण्यांच्या नावाखाली चाललेल्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतःच सावध केलंय.

तर त्या दोघांना मी काय सांगितलं? एकाच्या मुलीचं लग्न तीन वर्षांत आहे. त्याला म्हणालो, कलदारही नको, बँकेत ठेव. दुसरा एकटा आहे, संध्याकाळी दुकान बंद केल्यावर त्याला करायला काही नसतं. त्याला मी पाच हजारांत तांबं सुरू करायला सांगितलं. उरलेले पैसे गाईवर खर्च कर म्हटलं, ती रोज दिसते तरी. तो हसला, पण पुढच्या मंगळवारी बाजारात मोडवाल्यापुढे उकिडवा बसलेला दिसला.

माझ्याकडे आता दोनच कलदार उरलेत, १९११ आणि १९१२ चे. शिवराईच्याच पत्र्याच्या डब्यात, घरी. दिवाळीला लक्ष्मीपूजनात ठेवायला बायको रुपया मागते तेव्हा मी १९१२ चा काढून देतो. १९११ च्या हत्तीवर कुंकू बसलं तर निघायचं नाही, ही माझी काळजी. तिचं कारण वेगळं आहे. ती म्हणते, "तो डुकराचा रुपया लक्ष्मीपुढे नोका ठेवू."