बाटलीतले शिकारी: भक्षक कोळ्यांचा अनुभव

गुलाबावर लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) माजला म्हणून तिला खाणाऱ्या फायटोसेइयुलस पर्सिमिलिस या भक्षक कोळ्याची बाटली मागवली. आत व्हर्मिक्युलाइटचे (एका हलक्या खनिजाचे) दाणे आणि त्यांत मिसळलेला माल. भिंगाखाली बघितलं तर पैसे वसूल! जेमतेम अर्धा मिलिमीटर अंग, नासपतीसारखं निमुळतं, चकचकीत नारिंगी. पाय लांब, त्यामुळे पळण्यात पटाईत. डोळे नाहीतच, पुढची जोडी चालायला कमी आणि चाचपडायला जास्त. लाल कोळ्याची अंडी मोत्यासारखी गोल, याची लांबट आणि जवळपास दुप्पट मोठी, त्यामुळे पानामागे कोणाचं राज्य आहे ते लगेच कळतं. याची मादी दिवसाला लाल कोळ्याची साधारण 20 अंडी फस्त करते.

मूळचा हा चिली आणि भूमध्य सागराच्या काठचा. 1957 मध्ये अल्जीरियातल्या नमुन्यांवरून याचं वर्णन झालं. पुढच्याच वर्षी चिलीहून आलेल्या ऑर्किडबरोबर तो चुकून जर्मनीत पोचला आणि तिथून हरितगृहांमध्ये पसरला.

तक्रार एकच, पण मोठी: लेबलवर हवामानाबद्दल चकार शब्द नाही. दमट हवा नसेल तर अंडी सुकतात, आणि पारा 30 अंशांच्या वर गेला की हा ढेपाळतो. शिवाय खाण्याचे नखरे भारी. फुलकिडे, पांढरी माशी याच्या कामाची नाहीत, आणि लाल कोळी संपला की हाही उपाशी मरतो. त्यामुळे 'आधीच सोडून ठेवू' म्हणणाऱ्यांनी घेऊ नये. पानांवर लाल कोळ्याची जाळी दिसायला लागली असेल त्यांनी जरूर घ्यावा.